कच्चं मडकं आणि 'नामा म्हणे'

मंडळी, गेले दोन शनिवार काही लिहिणं झालं नाही. एक शनिवार रिलीजमध्ये गेला आणि दुसरा तेरला. पहिल्याबद्दल न बोललेलंच बरं, म्हणून आज तेरबद्दल.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं (२०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद) तेरणा नदीकाठचं गाव. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघायचं, टेंभुर्णीला डावीकडे वळायचं, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी करत पुढे जायचं. शेजारीच ढोकी, म्हणून जुनी माणसं जोडीने 'तेर-ढोकी' म्हणतात. गाव दिसायला अगदी साधं, पण वय विचाराल तर गप्प व्हाल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात जे 'तगर' येतं, ते हेच. इथलं कापड गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. गावात त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागून गोल, बौद्ध चैत्यासारखं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या इमारतींत त्याची गणना होते. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय तर चुकवू नयेच. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी एक बाहुली तेरलाही सापडलेली आहे.

पण खरं सांगायचं तर मी यातल्या कशासाठीच गेलो नव्हतो. मी गेलो होतो गोरोबाकाकांसाठी. म्हणजे आजीसाठी.

माझी आजी बार्शीकडची. तिच्या गोष्टींच्या यादीत गोरोबाकाकांची गोष्ट ठरलेली, आणि ती सांगायची पद्धतही ठरलेली. आम्हा नातवंडांना ओळीने बसवायची आणि गोष्ट त्या जागेवर आली की उजव्या हाताच्या बोटांची गाठ करून एकेकाच्या डोक्यावर टक्, टक् मारत जायची. सगळे गप्प बसायचे. मी मात्र दर वेळी "आई गं!" म्हणून ओरडायचो. मग आजी जाहीर करायची, "हे मडकं कच्चं!" आणि सगळे खो खो हसायचे. गोष्ट पाठ असूनही मी दर वेळी ओरडायचोच. आजही ऑफिसात कोड रिव्ह्यूमध्ये कुणी माझ्या कोडला टिचकी मारली की सगळ्यात आधी आवाज माझाच येतो. बाकीचे शांतपणे 'नोटेड' लिहितात.

ज्यांना गोष्ट माहीत नाही (असे असतील तर आधी आपापल्या आजीची माफी मागा!) त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळे संत जमलेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, आणि पंढरपूरचा लाडका नामा, ज्याच्याशी विठ्ठल प्रत्यक्ष बोलतो. मुक्ताईला कुंभाराचं थापटणं दिसतं. ती विचारते, काका, हे कशाला? गोरोबा म्हणतात, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग मुक्ताई म्हणते, आम्हीही मडकीच की, बघा ना जरा आमच्यातलं कोण कच्चं. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे सोसतात. नामा मात्र चिडतो. निकाल लागतो की बाकी सगळी भाजलेली, हे एकच कोरं. अपमान झालेला नामा पंढरपूरला जाऊन विठ्ठलाकडे तक्रार करतो, तर विठ्ठलही म्हणतो की त्यांचं बरोबर आहे, तुला गुरू नाही, विसोबा खेचराकडे जा. पुढे विसोबा आणि शिवपिंडीवर ठेवलेल्या त्यांच्या पायांची गोष्ट येते, पण ती पुन्हा कधीतरी.

आता गंमत अशी, की ही गोष्ट मला आजीची वाटायची. मोठेपणी कळलं की ती महिपतीच्या 'भक्तविजया'त आहे. भक्तविजय १७६२ सालचा, म्हणजे गोष्टीतल्या माणसांनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. मग वाटलं, महिपतीने रचली असेल. तर तसंही नाही! त्याच्या आधीपासून ही कथा अभंगांत आहे. त्यातले काही मुक्ताईच्या नावावर आहेत, काही गोरोबांच्या, आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे बरेचसे खुद्द नामदेवांच्या नावावर. शेवटी 'नामा म्हणे' अशी स्वच्छ सही.

थोडं थांबून बघा. ज्या माणसाला चारचौघांत कच्चं ठरवलं, तोच माणूस खाली सही करून सांगतोय की मला असं कच्चं ठरवलं होतं. आणि सांगतानाही 'मी चिडलो' असं नाही, तर बहुतेक वेळा 'नामा' असं तिऱ्हाईतासारखं. लेखकही नामा आणि पात्रही नामा. (म्हणून मी इथे एक सोय केली आहे. लिहिणारे ते 'नामदेव', आदरार्थी, आणि गोष्टीतला तो 'नामा', एकेरी.)

नामदेवांच्या गाथेत हे एकदाच होत नाही. ज्ञानेश्वरांचं चरित्र त्यांनी तीन प्रकरणांत सांगितलं असं परंपरा मानते. ती प्रकरणं म्हणजे आदि, तीर्थावळी आणि समाधी. मराठीतल्या पहिल्या चरित्रांत त्यांची गणना होते. पण हे चरित्र बाहेर उभं राहून लिहिलेलं नाही. तीर्थावळीत ज्ञानदेव नामाला घेऊन यात्रेला निघतात, वाटेत नामा विठ्ठलाच्या विरहाने व्याकूळ होतो, आणि समाधीच्या प्रसंगी तर तो सगळ्यांत जास्त रडणारा आहे. चरित्रकारच चरित्रातलं एक प्रमुख पात्र.

हे फक्त आपल्याकडचं, असं समजायचं कारण नाही. परंपरेनुसार गोरोबाकाकांचा काळ १२६७ ते १३१७ आणि नामदेवांचा १२७० ते १३५०. त्याच वेळी तिकडे इटलीत दान्ते (१२६५ ते १३२१) 'डिव्हाइन कॉमेडी' लिहीत होता, आणि त्या काव्यात नरकातून, शुद्धिस्थानातून आणि स्वर्गातून चालत जाणाऱ्या माणसाचं नाव होतं दान्ते. तो पात्र-दान्तेही घाबरतो, रडतो, बोलणी खातो. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, पण युक्ती तीच. मागे जायचं तर आपले व्यास आहेतच. महाभारत सांगणारेही तेच आणि कौरव-पांडवांचे आजोबाही तेच.

मात्र दान्ते आणि नामदेव यांच्यात एक मोठा फरक आहे. दान्तेचं काव्य दान्तेने एकट्याने लिहिलं. नामदेवांची गाथा एकट्याची नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नामदेवांच्या हयातीतलं एकही हस्तलिखित आज हाती नाही. जे आहे ते नंतरच्या वह्यांमधून, म्हणजे कीर्तनकारांच्या बाडांमधून आलेलं. कीर्तनकाराचं बाड म्हणजे काय, तर उद्या कीर्तनात जे लागेल ते उतरवून ठेवलेलं. तो अभंग घेतो, प्रसंगानुसार रचना जोडतो, कधी रिकामी जागा स्वतःच भरतो, आणि खाली सही मात्र परंपरेची राहते. ख्रिश्चन नोवेट्झके या अमेरिकन अभ्यासकाने २००८ साली नामदेवांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला त्याचा मुद्दा मला फार पटला. तो ढोबळमानाने असा की इथे 'नामदेव' हे नाव एका व्यक्तीपुरतं राहत नाही. त्या नावाने गाणारे, सांगणारे आणि उतरवून घेणारे सगळे मिळून तो लेखक होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नामा नावाचे कवीच एकाहून जास्त झाले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेला. त्याने अठरा पर्वांचं महाभारत मराठीत आणलं. (म्हणजे एका नामाने व्यासांचं काम केलं. योगायोग बघा!) पण पंचाईत अशी, की जुन्या नामदेवांच्या समजल्या जाणाऱ्या अभंगांतही 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा सापडते. एकाच युजरनेमवर तीनशे वर्षं वेगवेगळे लोक लॉगिन करत राहिले तर काय होईल, तसं झालं आहे. आपल्याकडे 'गिट ब्लेम' मारला की प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते कळतं. गाथेवर ब्लेम मारला तर प्रत्येक ओळीसमोर एकच नाव येतं, नामा.

तिसरी गोष्ट तर गाथेतच सांगितलेली आहे. नामदेवांनी शतकोटी, म्हणजे शंभर कोटी अभंग करायचा पण केला. एकट्याने होणारं काम नव्हे, म्हणून घरातल्या सगळ्यांनी वाटणी करून घेतली, त्यात जनीही आली. जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात तर कोणाचं बोलणं कोण लिहून घेतं याची यादीच दिलेली आहे. सावता माळ्याचं काशिबा गुरव, चोखामेळ्याचं अनंतभट, आणि जनीचं प्रत्यक्ष पांडुरंग. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि या दोघांची नावं नोंदवणारी तिसरी. इतकं स्वच्छ 'क्रेडिट' आजच्या प्रोजेक्टमध्येही मिळत नाही.

आणि तरी शंभर कोटी पुरे झाले नाहीतच. मग सतराव्या शतकात तुकोबांच्या स्वप्नात नामदेव आले, बरोबर पांडुरंग, आणि सांगितलं की उरलेली संख्या तू पूर्ण कर. हे तुकोबांनी स्वतःच्या अभंगांत सांगितलं आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा लेखक पुढच्या लेखकाच्या कवितेत पात्र म्हणून येतो आणि काम सोपवून जातो. अपुरं काम पुढच्याला देण्याची याहून सुंदर पद्धत मला माहीत नाही.

तिकडे पंजाबात वेगळाच अध्याय. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात ती ६१ आहेत. त्यातही नामा पात्र आहेच. जात बघून त्याला देवळातून उठवतात, तो मागे जाऊन बसतो आणि देऊळच त्याच्याकडे तोंड फिरवतं. आपल्याकडे हीच गोष्ट औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडलेली आहे. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला झालं ते या नात्यामुळेच. पुढे २०२० च्या जानेवारीत ९३वं संमेलन उस्मानाबादला झालं आणि संमेलननगरीला नाव दिलं गोरोबाकाकांचं. थापटणं मारणारा आणि खाणारा, दोघांच्याही दारी संमेलन पाच वर्षांत जाऊन आलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नामदेवांच्या नावाने लिहिणारे इतके जण होते, तर त्यांच्यातल्या कुणीच ही अपमानाची गोष्ट काढून का नाही टाकली? आपल्या गुरूचं चरित्र शिष्य चकचकीत करतात, डाग पुसतात. इथे उलट डाग जपला, वाढवला, रंगवला.

याचं एक उत्तर अभ्यासक देतात. तेव्हा दोन विचार शेजारी शेजारी नांदत होते. एक नाथपंथाकडून आलेला, आळंदीच्या भावंडांचा. निर्गुण, योग, आणि गुरूशिवाय ज्ञान नाही असं मानणारा. दुसरा पंढरपूरचा. सगुण विठ्ठल, नाम आणि प्रेम, बाकी काही नको म्हणणारा. मडक्याची गोष्ट ही पहिल्या बाजूने मांडलेली आहे. देवाशी रोज बोलत असशील, पण गुरू नाही तर तू कच्चा. हे खरं असेल तर दुसऱ्या बाजूचीही गोष्ट हवी. आणि ती आहे! तीर्थावळीत वाळवंटी मुलखात दोघांना तहान लागते. खोल विहीर. ज्ञानदेव योगसामर्थ्याने सूक्ष्म होऊन आत उतरतात आणि पाणी पिऊन येतात. नामा नुसता विठ्ठलाला हाक मारतो, तर विहीरच उसळून काठावरून वाहू लागते. तिथे ज्ञानदेव त्याच्या भक्तीपुढे मान तुकवतात. एका ठिकाणी नामा जिंकतो, दुसऱ्या ठिकाणी हरतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच गाथेत, एकाच सहीखाली. दोन बाजूंच्या लोकांनी एकाच फाईलमध्ये बदल केले आणि कुणीही दुसऱ्याचा बदल उडवला नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट बघा. परंपरेने दिलेली सालं धरली तर गोरोबा नामदेवांपेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. त्याआधी हा प्रसंग घडला असेल तर 'काका' तिशीच्याही आत आणि मुक्ताई (जन्म १२७९) सोळा-सतरा वर्षांची. आपण चित्रात पांढऱ्या दाढीचे गोरोबा बघतो. खरं तर ही सगळी पोरं होती, आपल्या टीममधल्या फ्रेशर्सच्या वयाची. एक शिंपी, एक कुंभार, आणि संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली भावंडं. ज्यांना बोलायचा अधिकारच नाही असं गावाने ठरवलं होतं, ती एकमेकांच्या डोक्यावर टकटक करून बघत होती, की आपल्यातलं कोण काय पाण्याचं आहे.

म्हणून मला हा वाद कोरडा वाटत नाही. 'खरे नामदेव' आणि 'नंतरचे नामे' वेगळे काढायचा प्रयत्न अभ्यासकांनी भरपूर केला, १९७० साली शासनाने गाथेची प्रत छापली, आणि इतिहासासाठी हे काम व्हायलाच हवं. सोळाव्या शतकातला अभंग तेराव्या शतकातल्या घटनेचा पुरावा म्हणून देता येत नाही, एवढी शिस्त पाहिजेच. पण समजा उद्या सिद्ध झालं की मडक्याचा एकही अभंग मूळ नामदेवांचा नाही. तर काय, गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यायची? माझं मत विचाराल तर तेव्हा ती जास्तच मोलाची होते. कारण मग असा अर्थ निघतो की शेकडो अनामिक माणसांनी आपलं नाव पुसून 'नामा' हे नाव घेतलं, आणि ते नाव घेऊन पहिलं काय कबूल केलं, तर मी कच्चा आहे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी तेरला पोचलो. तेरणेकाठी समाधीचं दर्शन घेतलं. दुपार होती, गर्दी नव्हती. बाहेर पडून परतीला लागलो तर वाटेतल्या एका गावात रस्त्याकडेला एक म्हातारे कुंभार बसलेले दिसले. ओल्या मडक्याच्या आत डाव्या हाताने गुळगुळीत दगड धरलेला, बाहेरून उजव्या हाताने थापटणं. धप्, धप्, धप्. मडकं फिरतंय आणि त्याचं जाड बूड हळूहळू पातळ, गोल होतंय. मी गाडी थांबवली. बराच वेळ बघत बसलो आणि शेवटी शहाणपणा केलाच.

"बाबा, भाजलेलं मडकंही याच थापटण्याने वाजवून बघता का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

"अवो, भाजल्यालं गाडगं थापटण्यानं कशाला बडवाल? फुटंल की! भाजल्यालं बोटानं वाजवायचं. थापटणं कच्च्यासाठीच असतंय."

मी तिथेच उभा. इतकी वर्षं गोष्ट ऐकली, सांगितली, तिच्यावर वाचलं, आणि ही साधी बाब लक्षातच आली नव्हती. थापटणं हे तपासायचं साधन नाहीच. ते घडवायचं साधन आहे. गोरोबांसारख्या कुंभाराला हे माहीत नसेल? भाजलेल्या मडक्यांवर ते टेकवलं काय न टेकवलं काय, त्यांचा आकार ठरून गेलेला. ज्याच्यावर त्या फटक्याचा काही परिणाम होऊ शकत होता तो एकटा नामा. आणि झालाही. तो उठला, पंढरपूरला गेला, विसोबांकडे गेला, पुढे परंपरा सांगते त्याप्रमाणे पंजाबपर्यंत गेला. जे गप्प बसले त्यांची त्या प्रसंगातली गोष्ट तिथेच संपते. ओरडला त्याची तिथून सुरू होते.

गाथेचंही तसंच नाही का? कुणीतरी वेळीच भट्टी लावून ती पक्की करून टाकली असती तर तिला पुढे मातीचा एक कणही चिकटला नसता. ती ओली राहिली म्हणून जनीचा हात लागला, विष्णुदास नामाचा लागला, नाव नसलेल्या कीर्तनकारांचे लागले. कुठेतरी माझ्या आजीच्या बोटांची गाठही त्यात आहेच.

निघताना त्या बाबांकडून एक लहानसं गाडगं घेतलं. द्यायच्या आधी त्यांनी ते बोटाने वाजवलं. खणखणीत. मग हसत म्हणाले, "पक्कं हाय, काळजी करू नका."

सोमवारी पुन्हा कोड रिव्ह्यू आहे. मी ओरडणार, हे नक्की. पण या वेळी ओरडून झाल्यावर समोरचा काय सांगतोय ते नीट ऐकून घेईन म्हणतो. नामाने तेवढं तरी केलं होतं.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.